फाईललाही सातबारा हवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सोलापुरात टॉवेल आणि चादरीची डिझाईनं काढतो. 27 वर्षं हेच काम करतोय. वडील जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करायचे, मी तेच काम कॉम्प्युटरवर करतो. तुमच्या पेपरात संक्रांतीच्या आधी येतं ना, गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे, फोटो पाठवा, निवडक फोटोंना प्रसिद्धी देऊ म्हणून, मी दरवर्षी पाठवतो, नंदीध्वजाचे, होमाचे, शोभेच्या दारूकामाचे, आणि दोनदा छापूनही आलेत, घरात कात्रणं आहेत. यंदा मात्र फोटो निवडून झाले, मेल उघडला आणि सेंड दाबायच्या आधी हात थांबला, कारण मनात आलं की मी हा फोटो तुम्हाला नक्की कशासाठी देतोय? एकदा छापायला? ई-पेपरला कायमचा ठेवायला? पुढच्या वर्षी पुरवणीत? की अजून कुणाला द्यायला? तुम्ही कुठं लिहिलेलं नसतं आणि मीही कधी विचारलेलं नाही. हा प्रश्न आत्ताच का पडला ते सांगतो, पत्र लांबेल पण पूर्ण वाचा ही विनंती.

तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यासाठी मोराचं एक डिझाईन केलं होतं. सोलापुरात मोर काही नवीन नाही, पण हा मान मागं वळवून बघणारा, आणि पिसाऱ्यात सात डोळे, त्यातला सातवा अर्धाच, कारण रिपीट, म्हणजे नक्षी पुन्हा पुन्हा येताना कडा, जुळत नव्हतं आणि दोन रात्री घालवून शेवटी मी तो डोळा मध्येच कापला, आणि कापल्यावर तो जास्तच चांगला दिसायला लागला. व्यवहार फोनवर ठरला. शेठ म्हणाले, मास्तर, आपल्या एका दुकानापुरतं हाय, पाचशे पीस काढू, बस. मी हो म्हटलं, डिझाईनची बीएमपी फाईल पाठवली, पैसे आले, विषय संपला. मग गेल्या दिवाळीत बायको मोबाईलवर बेडशीट बघत बसली होती आणि एकदम म्हणाली, अहो हा तुमचा मोर ना? बघतो तर बेडशीट लांबच्या राज्यातलं, रंग वेगळे, पण मान तीच आणि सातवा डोळा अर्धा. चोरणाऱ्याने तो डोळा पूर्ण करायचीही तसदी घेतली नव्हती.

चोरणाऱ्याने असं लिहिलं खरं, पण चोर कोण हेच मला आजतागायत कळलेलं नाही. शेठना फोन केला, ते म्हणाले मी फक्त कारखान्याला दिली. कारखानदार म्हणाला, माझ्याकडून एकाने सॅम्पलसाठी म्हणून मागून नेली, आणि मास्तर, फाईलवर कुठं काय लिहिलंय की देऊ नको म्हणून? भांडायचं म्हणून तो बोलला नव्हता, खरंच विचारत होता. आणि खरंच फाईलवर काही लिहिलेलं नव्हतं. फाईलला नाव होतं 'मोर फायनल 3', बास. ती फाईल कुणाची, कुणाला दिली, कशासाठी, किती पीससाठी, किती दिवसांसाठी, ह्यातलं काहीही तिच्यासोबत प्रवास करत नव्हतं. सगळं माझ्या आणि शेठच्या डोक्यात, आणि दोन डोक्यांतही ते वेगवेगळं.

वकिलांकडे गेलो तर अजून एक गोष्ट कळली जी आपल्या गावातल्या प्रत्येक डिझायनरला माहीत पाहिजे. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 15 म्हणतं की जे डिझाईन डिझाईन्स ॲक्ट 2000 खाली रजिस्टर करता आलं असतं पण केलं नाही, त्याच्यावरचा कॉपीराइट, त्या डिझाईनचा माल मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कारखान्यात 50 पेक्षा जास्त वेळा निघाला की संपतो. पन्नास! आपल्याकडे पन्नास टॉवेल किती वेळात निघतात ते तुम्हाला माहीतच आहे. रजिस्टर केलं असतं तर 10 वर्षं आणि वाढवून घेतली की अजून 5. मी केलेलं नव्हतं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे हे सगळे अभिमानाने सांगतात, मीही सांगतो, पण जीआय नावाला आहे, माझ्या मोराला नाही. म्हणजे माझ्या हातात उरला तो फक्त आमच्यातला करार, आणि करार कागदावर नव्हताच.

माझी मुलगी लायब्ररी सायन्स करते. तिला अभ्यासाला डिजिटल लायब्ररी हा विषय आहे आणि त्यात राइट्स एक्स्प्रेशन लँग्वेज म्हणून एक धडा, म्हणजे हक्क सांगायच्या भाषा. मी आधी समजलो कायद्याची भाषा असेल. ती म्हणाली नाही पप्पा, ही मशीनला वाचता येईल अशी परवानगीची भाषा, तुमच्या जकार्डच्या कार्डासारखी. हे ऐकल्यावर मी नीट बसलो. कार्ड म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. भोक असलं की सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो, भोक नसलं की धागा खालीच राहतो. कार्डाला 'साधारण' कळत नाही, 'समजून घ्या' कळत नाही, आणि मुख्य म्हणजे भोक न पाडणं हाही हुकूमच असतो. वडील सांगायचे, विसरलेलं भोक आणि मुद्दाम सोडलेली जागा मशीनला सारखीच दिसते, चादरीवर नंतर आपल्याला वेगळी दिसते. मोराच्या बाबतीत माझं तेच झालं, मी भोक पाडायचं विसरलो आणि समोरच्याने ती जागा मुद्दाम सोडलीय असं धरलं.

रात्री जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, चला, मोराचं ॲग्रीमेंट आज लिहूया, काय ठरलं होतं ते सांगा. भाषेचं नाव ओडीआरएल, ओपन डिजिटल राइट्स लँग्वेज. पहिला प्रश्न, वस्तू कोणती? मी म्हटलं मोर. मोर म्हणजे फाईल, की त्या फाईलवरून विणलेला टॉवेल? मी गप्प. देणारा कोण, तर मी. घेणारा कोण, शेठ, शेठचं दुकान, की कारखाना? म्हटलं शेठ. मग कारखान्याने कशाच्या जोरावर विणला? परत गप्प. मग, काय करायची परवानगी? मी म्हटलं वापरायची. ती हसली, म्हणाली ह्या भाषेच्या शब्दसंग्रहात सगळ्यात वर दोनच क्रिया आहेत, एक वापरणं आणि दुसरी कायमची मालकी देऊन टाकणं, बाकी सगळ्या, प्रत काढणं, छापणं, दाखवणं, वाटणं, त्यातून नवीन काही बनवणं, ह्या वापरण्याच्याच पोटात येतात, आणि विकणं, बक्षीस देणं हे दुसरीच्या पोटात. म्हणजे तुम्ही नुसतं 'वापरा' म्हटलं की कपाटाची सगळी दारं उघडी टाकली. मग अटी. संख्या 500 किंवा कमी, हे पटकन लिहिता आलं. ठिकाण, एक दुकान. मुदत? आठवेना, कारण ठरलीच नव्हती. रंग बदलायचे असतील तर? बोललोच नव्हतो. पुढं दुसऱ्याला देणं, तर ते मनाईच्या खान्यात. पैसे आधी द्यायचे, ते कर्तव्याच्या खान्यात, म्हणजे आधी हे करा मग परवानगी लागू. आणि मनाई मोडली तर काय भरून द्यायचं त्यालाही वेगळी जागा आहे. तिने एकूण अकरा प्रश्न विचारले आणि माझ्याकडे चारांचीच उत्तरं होती. 27 वर्षं मी असेच व्यवहार केलेत, संपादक महोदय, आणि सोलापूरच्या पूर्व भागातले बहुतेक डिझायनर आजही असेच करतात, फोनवर, विश्वासावर, हो शेठ म्हणून.

एक गोष्ट मला फार आवडली. समजा एकाच कागदात एका ठिकाणी परवानगी आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच गोष्टीला मनाई असं चुकून आलं तर कोणतं धरायचं, हे त्या भाषेत आधीच सांगून ठेवता येतं, परवानगी वरचढ, की मनाई वरचढ, की सगळा करारच रद्द. आणि काहीच सांगितलं नसेल तर रद्द धरायचा. आपल्याकडे हे भांडण कोर्टात दहा वर्षं चालेल.

ह्या भाषा काल निघालेल्या नाहीत. 1990 च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या रिसर्च सेंटरमध्ये मार्क स्टेफिक यांनी डिजिटल प्रॉपर्टी राइट्स लँग्वेज मांडली, त्यातूनच पुढं कंटेंटगार्ड ह्या कंपनीची एक्सआरएमएल आली, तिचा गाभा चार शब्दांत सांगता येतो, कुणाला, कोणता हक्क, कशावर, कोणत्या अटीवर. तीच डिजिटल व्हिडिओ-ऑडिओचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या एमपेगवाल्यांनी पाया म्हणून घेतली आणि 2004 मध्ये आयएसओ 21000 चा पाचवा भाग म्हणून स्टँडर्ड झाली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात रेनाटो इयानेला यांनी ओडीआरएल सुरू केली, ती वापरायला कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तिला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. मधल्या काळात ती मोबाईलमध्येही होती, आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. जुन्या हँडसेटवर पैसे देऊन रिंगटोन घेतली की ती ब्लूटूथने मित्राला जायची नाही, फॉरवर्डच बंद असायचं, आठवतं का? ते कुलूप मोबाईल कंपन्यांच्या ज्या नियमावलीतलं, त्याच नियमावलीत हक्क लिहायला ओडीआरएलचाच छोटा अवतार घेतला होता.

आणि इथं एक फरक नीट समजून घेतला पाहिजे नाहीतर लोक घाबरतात. हक्क सांगायची भाषा ही पाटी आहे, कुलूप नाही. शेताच्या बांधावर पाटी असते ना, रस्ता खाजगी आहे, पायी जायला हरकत नाही, गाडी नेऊ नये. ती वाचून माणूस ठरवतो. कुलूप ठरवू देत नाही. पहिल्या काळात ह्या भाषा मुख्यतः कुलपांना हुकूम द्यायला वापरल्या गेल्या आणि म्हणून त्यांचं नाव खराब झालं, आणि ते काही उगीच नाही, कारण कुलपाचा त्रास मी जवळून बघितलाय.

आमच्या शेजारी एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मोबाईल त्याला वाचून दाखवतो, इतक्या वेगात की आपल्याला एक शब्द कळणार नाही, तो मात्र चहा पीत पीत ऐकतो. त्याने एक ई-पुस्तक विकत घेतलं, पूर्ण पैसे भरून, आणि उघडलं तर वाचून दाखवायचं बटण बंद. प्रकाशकाने परवानगी दिलेली नाही असा मेसेज. तो मला म्हणाला, काका, पैसे घेताना तर माझे डोळे कुणी तपासले नाहीत. मला काय बोलावं कळेना. ओडीआरएलच्या शब्दसंग्रहात मोठ्याने वाचून दाखवणं ही वेगळी क्रिया म्हणून दिलेलीच आहे, टेक्स्ट-टू-स्पीच. म्हणजे कुणीतरी कुठंतरी बसून त्या एका खान्यात नाही भरलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच भरलं नाही आणि मशीनने नाही धरलं. ह्या मुलाला मात्र आपल्या कायद्याने हक्क दिलेला आहे. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीत कलम 52 मध्ये अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून घ्यायची मोकळीक आली, आणि दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश कराराला जगात सगळ्यात आधी मंजुरी देणारा देश भारत, साल 2014. देशाने दिलेला हक्क एका रिकाम्या खान्याने काढून घेतला. म्हणून मी म्हणतो की खाना रिकामा ठेवू नका, आणि मशीनने जे लिहिलंय तोच कायदा असं कुणी समजू नये. अभ्यासासाठी, टीकेसाठी, बातमीसाठी थोडं वापरायची कलम 52 मधली मोकळीक कुठल्याही कोडमध्ये पूर्ण बसत नाही, ते बघायला माणूसच लागतो.

गप्प बसण्याचा अर्थ जागोजागी वेगळा लागतो हे तर मला माहीतच नव्हतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात, कलम 19, आणि तेच नियम कलम 30अ ने परवान्यालाही लागू होतात. म्हणजे मी गप्प बसलो तर कायदा माझ्या वतीने बोलतो. कुलूपवाल्या सिस्टीममध्ये न दिलेली परवानगी म्हणजे नाही. आणि युरोपीय संघाच्या 2019 च्या कॉपीराइटवरच्या डिरेक्टिव्हमध्ये, म्हणजे सदस्य देशांना दिलेल्या निर्देशात, उलटं, नेटवर उघड ठेवलेलं लिखाण किंवा चित्रं कॉम्प्युटरने चाळून त्यातून माहिती काढायची असेल तर ते करता येतं, जोपर्यंत मालकाने नको असं योग्य प्रकारे, नेटवरच्या मजकुराच्या बाबतीत मशीनला वाचता येईल असं, सांगितलेलं नाही. तिथं गप्प बसणं म्हणजे हो. आता ह्या एआयच्या काळात हे किती मोठं झालंय तुम्हीच बघा, तुमच्या पेपरचे इतक्या वर्षांचे अंक, आमच्या डिझाईनचे फोटो, कवींच्या कविता, सगळं चाळलं जातंय. वेबसाईटवर रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक छोटी फाईल ठेवायची पद्धत 1994 पासून आहे, तिचा रीतसर स्टँडर्ड 2022 मध्ये झाला, पण ती फक्त एवढंच सांगते की ह्या खोलीत या आणि त्या खोलीत येऊ नका. आत आल्यावर काय करायचं, नाव द्यायचं का, पैसे द्यायचे का, किती दिवस, ह्यातलं ती काहीच सांगू शकत नाही.

काही लोक म्हणतील क्रिएटिव्ह कॉमन्स आहे की. आहे, आणि उत्तम आहे, 2002 च्या डिसेंबरात पहिले परवाने आले, आणि त्यांचं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे एकच परवाना तीन प्रकारे लिहितात, वकिलासाठी पूर्ण मजकूर, सामान्य माणसासाठी एक साधं पान, आणि मशीनसाठी कोड. मराठी विकिपीडियाचा मजकूर त्यातल्याच बाय-एसए परवान्याने आहे, नाव द्या आणि पुढंही तसंच खुलं ठेवा, म्हणून तर शाळेतला मास्तर तिथलं घेऊन मुलांना बिनधास्त वाटू शकतो. पण तो परवाना सगळ्या जगासाठी असतो आणि एकदा दिला की परत घेता येत नाही. पोट ज्यावर आहे ते डिझाईन मी असं कसं देऊ? मला एका शेठला, 500 पीससाठी, एका वर्षाला द्यायचंय. तिथं ओडीआरएलसारखीच भाषा लागते.

आता तुम्ही म्हणाल, ही इंग्रजी कोडची गोष्ट आमच्या वाचकाला कशाला. तर आपल्या माणसाला ही गोष्ट आधीपासून येते. सातबारा घ्या. शिकलेला नसलेला शेतकरीसुद्धा सातबारा हातात आला की आधी मालकाचं नाव बघतो आणि लगेच इतर अधिकाराच्या रकान्याकडे वळतो, सोसायटीचा बोजा आहे का, विहिरीत कुणाचा हिस्सा आहे का, कुळाचं नाव आहे का. जमीन एकाची आणि तिच्यावरचे वेगवेगळे हक्क वेगवेगळ्यांचे असू शकतात हे आपल्याला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. ना हरकत, मुदत, भाडेपट्टा, कुलमुखत्यार, गहाण, हे सगळे शब्द आपल्या तोंडात आहेत. फाईलला फक्त तसा सातबारा नाही. आणि त्या भाषेतले शब्द मराठीत आणणं अजिबात अवघड नाही, मुलीने आणि मी एका रात्रीत तीसेक शब्द लिहून काढले. परवानगी, मनाई, कर्तव्य, देणारा, घेणारा, प्रत काढणं, मोठ्याने वाचणं, बदलून नवं करणं, पुढे देणं, नाव देणं, मोबदला देणं. एका शब्दावर वाद झाला, डिस्ट्रिब्यूटला ती वितरण म्हणत होती आणि मी वाटणं, शेवटी वाटणं ठेवलं कारण माझ्या शेठला वितरण म्हटलं की एजन्सी आठवेल. कोड इंग्रजीत राहू दे, त्याला हरकत नाही, पण स्क्रीनवर माणसाला जे दिसतं ते मराठीत दिसू दे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, 3 ऑक्टोबर 2024 ला पेढे वाटले, मग कारखान्यात बसलेल्या माणसाला त्याच्या कामाची परवानगी मराठीत वाचता आली पाहिजे की नाही?

फोटोंबद्दल थोडं, कारण ते तुमच्या हातात आहे. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात माहिती लिहायची सोय असते, आयपीटीसी मेटाडेटा म्हणतात, फोटो काढणाऱ्याचं नाव, कॉपीराइटची ओळ, हक्कांची माहिती कुठल्या पानावर आहे त्याचा पत्ता. हा पत्ता भरलेला असेल तर 2020 पासून गुगलच्या इमेज सर्चमध्ये फोटोवर परवाना मिळू शकतो अशी खूण येते. ती आयपीटीसी म्हणजे वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांचीच जागतिक संघटना आहे, आणि तिने बातम्यांच्या धंद्यासाठी राइट्सएमएल म्हणून जी भाषा केलीय ती ओडीआरएलवरच उभी आहे. म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या लोकांनी काम करून ठेवलंय. अडचण अशी की आपण रोज वापरतो त्या मेसेजिंग ॲपवरून फोटो पाठवला की तो लहान होतो आणि पोटातलं सगळं पुसलं जातं. मी मागच्या वर्षी सात नंदीध्वज एका फ्रेममध्ये आलेला फोटो काढला, त्यासाठी पहाटेपासून एका गच्चीवर उभा होतो, तो एका ग्रुपवर टाकला आणि आठवड्याने तो तीन वेगवेगळ्या नावांनी परत माझ्याकडेच आला. एकावर तर एका पुढाऱ्याच्या शुभेच्छा होत्या. कायद्याप्रमाणे अशी हक्कांची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा आहे, कलम 65ब, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, हेही 2012 च्या दुरुस्तीतलंच. पण ॲपने आपोआप पुसली तर जाणूनबुजून कुणी केलं म्हणायचं? म्हणून मी आता फोटो ओरिजिनल फाईल म्हणून मेलनेच पाठवतो आणि सगळ्यांना तेच सांगतो.

तर माझं मागणं असं आहे. गड्ड्याचे, वारीचे, पावसाचे, गणपतीचे फोटो वाचकांकडून मागवताना त्याच चौकटीत मराठीत दोन ओळी छापा की हे फोटो आम्ही कुठं, किती वेळा, किती दिवस वापरणार, नाव देणार का, आणि दुसऱ्या कुणाला देणार का. ई-पेपरवर फोटोखाली नाव आणि वापराची एक ओळ द्या आणि तीच ओळ फोटोच्या पोटातही जाऊ द्या, तुमच्या कॉम्प्युटर विभागाला हे फार अवघड नाही. ई-पेपरचं पान शेजारच्या त्या मुलाच्या मोबाईलला वाचता येतं का हेही एकदा तपासा, सध्या पान चित्र म्हणून येतं आणि त्याला एक अक्षर वाचता येत नाही. आणि आमच्या डिझायनर बांधवांना तुमच्या पानावरून सांगा की फाईल पाठवताना सोबत एक चिठ्ठी तरी जोडा, ओडीआरएल नाही जमलं तरी चालेल, साध्या मराठीत, वस्तू, देणारा, घेणारा, काय करायचं, किती, कुठं, कधीपर्यंत, काय करायचं नाही. आणि चांगलं डिझाईन बाजारात जायच्या आधी रजिस्टर करा. यंत्रमागधारकांच्या संघटनेने असा एक छापील नमुना केला तर फारच बरं, मी आणि मुलगी मिळून कच्चा मसुदा फुकट करून द्यायला तयार आहोत.

मोराचं म्हणाल तर त्या शेठबरोबर माझं बोलणं बंद झालेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी नवीन काम दिलं, हत्तीचं. मी अर्ध्या पानाचा कागद पुढं केला, त्यांनी वाचला, 500 च्या जागी 800 करून घेतले, मुदत एक वर्ष ठेवली, म्हणाले मास्तर हे आधी का नाही काढलं, आणि सही केली. फाईलच्या नावातही आता 'हत्ती, एक दुकान, 800 पीस, एक वर्ष' असं लिहिलंय, आणि मुलीने केलेली कोडची छोटी फाईल सोबत जोडलीय. ती वाचणारं मशीन आज त्या कारखान्यात नाही, पण चिठ्ठी वाचणारा माणूस आहे.

सोबत नंदीध्वजाचा फोटो मेलने पाठवतोय, ओरिजिनल. त्याच्या आणि ह्या पत्राच्या अटी अशा. फोटो छापील पेपरात एकदा आणि ई-पेपरला त्या दिवसाच्या अंकात ठेवायला परवानगी, खाली माझं नाव द्यावं, बाजू कापू नयेत कारण सातवा ध्वज अगदी कडेला आहे. पुन्हा वापरायचा असेल तर फोन करा, मी नाही म्हणणार नाही. जाहिरातीला, शुभेच्छांच्या फलकाला आणि दुसऱ्या कुणाला द्यायला मनाई. पत्र जागेप्रमाणे छोटं करायला हरकत नाही, फक्त कलम 15 ची ती पन्नासची ओळ काढू नका. आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवायला, माणसाला आणि मशीनला, कायमची परवानगी आहे.

आपला नियमित वाचक,
एक टॉवेल डिझायनर,
अक्कलकोट रोड, सोलापूर